चष्मेवाल्याला पिवळं कार्ड

मॅच संपल्यावर, मुलं एकमेकांशी हात मिळवत असताना, तिनं एका माणसाला पिवळं कार्ड दाखवलं. त्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं तिला डोळे तपासायला बोलावलं होतं.

मॅच बारा वर्षांखालच्या मुलांची होती. या वयात बॉल जिकडे जातो तिकडे सगळी टीम जाते, गोलकीपरसुद्धा. आणि टचलाइनच्या बाहेर आई-बाप उभे असतात. खेळ मुलांचा आणि रक्तदाब यांचा. डावीकडच्या लांबच्या कोपऱ्यात बॉल बाहेर गेला, तिनं थ्रो-इन निळ्या टीमला दिला, आणि पिवळ्या टीमच्या एका बापानं आवाज टाकला, "अरे, त्या रेफरीला कुणीतरी चष्मा द्या."

तिनं कान दिला नाही. आठवडाभर ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची, आणि शनिवार-रविवार गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस बोलणीच खायची. तिची वहिनी म्हणायची, "तुला हौसच आहे. घरी मागितली असतीस तर बोलणी मीच दिली असती."

शिवाय बाहेरच्यांना कार्ड दाखवता येत नाही. त्यांच्या तोंडाची जबाबदारी त्यांच्या कोचची. म्हणून मॅच संपल्यावर पिवळ्या टीमचा कोच तिच्याकडे यायला लागला, तेव्हा तिला वाटलं, माफी मागायला येतोय. नवीनच दिसत होता. उंच, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर बॉलची जाळी.

"तुम्ही एकदा दुकानात येऊन जा ना," तो म्हणाला. "माझं चष्म्याचं दुकान आहे."

बाहेरून ओरडणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. पण मैदानात चालत येऊन, गोड हसून, दुकानाचा पत्ता देणारा हा पहिलाच. तिचा हात आपोआप खिशात गेला आणि पिवळं कार्ड घेऊन वर आला.

"कशाबद्दल?" त्याच्या तोंडाचा आ झाला.

"उद्धटपणाबद्दल."

"अहो, मी मनापासून सांगतोय... डावीकडे बॉल गेला की तुम्ही मान तिरकी करता. सारखी. म्हणजे त्या डोळ्यानं—"

"आणखी एक शब्द, की लाल."

त्यानं तोंड मिटलं. पण बघायचं थांबवलं नाही, आणि बघण्यावर नियमात काही इलाज नव्हता. मागं त्याची मुलं आनंदानं नाचत होती. सरांना कार्ड मिळालं याच्यापुढे मॅच हरल्याचं दुःख कुणाला नव्हतं.

घरी येऊन तिनं तावातावानं सगळं सांगितलं. वहिनी इस्त्री करत होती. तिनं शर्टाची कॉलर पुरी केली, इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, "उजवा डोळा झाक आणि ते कॅलेंडर वाच बघू."

"काहीतरीच काय, वहिनी?"

"झाक तर."

तिनं झाकला. कॅलेंडर होतं, आकडेही होते, पण तीन कुठला आणि आठ कुठला हे सांगता येईना. तिनं हात बदलला. उजव्या डोळ्यानं सगळं लख्ख. पुन्हा बदलला. पुन्हा तेच. रेफरीला नजर म्हणजे न्हाव्याला हात. तो थरथरतो असं कळल्यावर न्हाव्याचं जे होईल ते तिचं झालं.

"आता जा त्याच्याकडे," वहिनी म्हणाली. "आणि ते कार्ड परत घे."

"कार्ड परत घेता येत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला, की आधीचा निर्णय फिरवता येत नाही. नियम आहे."

वहिनीनं पलंगावर आडव्या पसरलेल्या तिच्या दादाकडे एकदा पाहिलं. "लग्नाचं तसंच आहे," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.

दुकान लहानसंच होतं, आणि चारी बाजूंनी आरसे. आत पाऊल टाकलं तर समोर, बाजूला, कोपऱ्यात, सगळीकडे तीच उभी, आणि सगळीकडे ओशाळलेली. तो काउंटरमागे बसून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत होता. तिला बघताच त्यानं दोन्ही हात वर केले.

"मी एक शब्द बोललेलो नाही."

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली. "आणि हसलात तर..."

"नाही हसत. या."

आतली खोली काळोखी होती. समोर उजळलेली अक्षरांची पाटी. त्यानं तिच्या नाकावर एक जड, गोल, विचित्र फ्रेम बसवली आणि तिच्यात एकेक काच सरकवायला लागला. त्याच्या बोटांना साबणाचा मंद वास होता... एवढ्या जवळून कुणाच्या बोटांचा वास तिला आजवर आला नव्हता.

"आता बरं दिसतंय," खट्, "की आता?"

"आधीचं."

"आणि हे?" खट्.

"हे... थांबा. परत दाखवा ना."

"रेफरीला परत बघायला मिळतं का?"

ती हसली, आणि फ्रेम घसरून नाकाच्या शेंड्यावर आली. त्यानं एका बोटानं ती वर केली. "मान सरळ. माझ्याकडे नाही, समोर बघा."

"तुमच्याकडे कुठे बघतेय?"

"आत्ता बघितलंत. डोळेच तपासतोय, मला कळतं."

खट्. आणि अचानक सगळ्यात खालची ओळ पाटीवरून उठून समोर आली. तिनं ती घडाघडा वाचली. मग वाचण्याच्या भरात मान वळवली, तर त्याचा चेहरा. हनुवटीवरची जुनी खोक, शर्टाचं एक वेगळ्याच रंगाचं बटण, आणि हसू दाबून धरल्यामुळे ओले झालेले डोळे. दोन्ही डोळ्यांनी एकदम इतकं स्वच्छ दिसलं की ती दचकलीच. पुन्हा पाटीकडे बघायला तिला जरा वेळ लागला.

"तो थ्रो-इन..." तिनं हळूच विचारलं. "चुकला होता का माझा?"

"हो."

काही गोड बोलेल असं तिला वाटलं होतं. सरळ 'हो' म्हणणारा माणूस तिनं तक्रारींच्या खिडकीपलीकडेही पाहिला नव्हता.

"पण तेवढाच," तो म्हणाला. "बाकी एकही नाही. एका डोळ्यावर एवढी चोख मॅच कुणी घेतलेली मी तरी पाहिली नाही."

"ते कार्ड..." ती म्हणाली. "मला परत घेता येत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला, की निर्णय फिरत नाही."

"झालाय का सुरू?"

ती खाली वाकली. पायाशी पर्स शोधायला लागली, जी तिच्या मांडीवरच होती.

धावताना चष्मा चालणार नाही म्हणून लेन्स ठरल्या. त्या डोळ्यात घालायला शिकायला तिला आणखी दोनदा दुकानात जावं लागलं. खरं म्हणजे एकदाच पुरलं असतं. दुसऱ्यांदा कशाला गेलीस असं वहिनीनं विचारलं, तर म्हणाली, "सरावाला." वहिनीनं मान डोलवली, ती जरा जास्तच डोलवली.

आता इथे नेमणूककाकांची ओळख करून द्यायला हवी. कुठली मॅच कुणी घ्यायची हे ठरवणारे ते म्हातारे गृहस्थ. एकेकाळी स्वतः रेफरी होते, गुडघा गेला तेव्हा खुर्चीवर बसले. सीझनच्या सुरुवातीला ते प्रत्येक रेफरीला एकच प्रश्न विचारायचे, "कुठल्या टीमला आपलं माणूस आहे का? मुलगा, भाचा, दीर, मेव्हणा, कुणीही?" कारण ज्या टीममध्ये आपलं माणूस, त्या टीमची मॅच घ्यायची नाही. रेफरीनं सांगावं, नाहीतर टीमनं सांगावं, पण सांगायचं. ती दर वर्षी जरा तोऱ्यातच उत्तर द्यायची, "कुणी नाही, काका." यंदाही तेच दिलं होतं.

आणि यंदा काकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फायनल तुझी. निरीक्षक येणार आहेत बघायला. नीट पार पाडलीस तर पुढच्या सीझनला मोठ्यांच्या मॅच. पण वाच्यता नको, नेमणूक आधी फोडायची नसते. आणि तोवर एका जरी कोचची तक्रार आली, तर हे विसर."

या फायनलची ती वर्षानुवर्षं वाट पाहत होती. चिखलात, उन्हात, शिव्यांत. तिनं कुणाला सांगितलं नाही. वहिनीला नाही, आणि चष्मेवाल्याला तर नाहीच.

चष्मेवाला हे नाव त्याला मैदानावरच पडलं होतं. पिवळ्या टीमच्या मॅच तिच्याकडे यायच्या, आणि मॅच संपली की गोलची जाळी काढायला तो थांबायचा. जाळी काढायला दोन माणसं लागतात, एक इकडून एक तिकडून, हुक सोडवत सोडवत मध्यावर येऊन भेटायचं. एकदा भुरभुर पाऊस होता. ओली जाळी जड झाली होती, हुक बोटांतून निसटत होते.

"आज आम्हाला एकही फ्री किक मिळाली नाही," तो पलीकडून म्हणाला.

"मिळण्यासारखं काही झालंच नाही."

"तक्रार नाही हं. नुसती माहिती."

"माहिती मिळाली. पुढे?"

"पुढे... तुमच्या केसांवरून पाणी डोळ्यात येतंय. लेन्स जाईल." त्यानं खिशातून स्वच्छ रुमाल काढून जाळीच्या भोकातून पुढे केला. चष्मेवाल्यांचे रुमाल फार मऊ असतात. तो तिनं धुऊन परत करायचा ठरवला, आणि मग धुतला, आणि मग परत केला नाही.

पण घरी बूट पुसताना ते बोलणं तिला आठवलं, आणि हात थांबला. खरंच एकही नाही? तिनं मागची मॅच आठवली. तिच्या आधीची आठवली. पिवळ्या टीमला तिनं बऱ्याच दिवसांत काहीच दिलं नव्हतं. योगायोग असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि बूट जरा जोरातच पुसला.

सेमीफायनलला मैदान मऊ झालं होतं. बरोबरी, आणि शेवटची काही मिनिटं. पिवळ्यांची एक लहानखुरी खेळाडू होती, लांब वेणी पाठीवर आपटत पळायची. ती वेणीवाली बॉल घेऊन पेनल्टी बॉक्समध्ये घुसली, मागून एक पाय आला, आणि ती तोंडावर आपटली. पाय बॉलला लागला नाही, घोट्याला लागला. रेफरी अगदी जवळ होती. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसलं.

शिट्टी तिच्या तोंडात होती. आणि तिनं ती वाजवली नाही.

तिला स्वतःलाच कळेना काय झालं. टचलाइनवर तो उभा होता, डोळ्यांच्या कडेला दिसत होता, आणि एकदम मनात आलं... लोक काय म्हणतील? त्याची टीम म्हणून दिली. तिचे दोन्ही हात पुढे झाले आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला, "खेळा, खेळा, काही नाही."

मॅच टायब्रेकरवर गेली. पिवळ्यांच्या गोलकीपरनं एक बॉल पोटानं अडवला आणि ते जिंकले. आरडाओरडा झाला, मुलं एकमेकांवर पडली, पेनल्टीचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ती मात्र सुन्न उभी होती. वेणीवालीनं खरचटलेल्या गुडघ्यानं लंगडत येऊन हात पुढे केला. "थँक यू, रेफरी ताई." तिनं हात मिळवला, पण नजर त्या गुडघ्यावरून वर गेली नाही.

आणि तो त्या दिवशी जाळी काढायला थांबला नाही. मान खाली घालून, बॉल गोळा करून, टीम जिंकलेली असूनही हरल्यासारखा निघून गेला. दोन्ही गोलांची जाळी तिनं एकटीनं काढली.

सोमवारी तक्रारींच्या खिडकीसमोर रांगेत चक्क नेमणूककाका उभे.

"काका? पाणी येत नाही का?"

"पाणी येतंय," काका म्हणाले. "फायनल तुझ्याकडे नाही."

तिला आधी अर्थच लागला नाही. सवयीनं तिनं तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला.

"चष्मेवाला आला होता. म्हणाला, ताईंना आमच्या मॅचला देऊ नका. आता फायनलला त्याचीच टीम, म्हणजे..."

"त्यांनी सांगितलं? स्वतः?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "का?"

"कारण मी सांगायचं नसतं. त्यालाच विचार. फायनल मीच घेतो, गुडघ्याला पट्टा बांधून." काका वळले, मग परत वळून म्हणाले, "आणि तोंड मीट, माशी जाईल."

कारण सांगायला कशाला हवं होतं? वेणीवालीचा घोटा तिच्या डोळ्यांसमोर होता. त्यानं तक्रार केली होती. करावीच अशी ती गोष्ट होती, तेच तर जास्त लागत होतं. दिवसभर लोकांच्या तक्रारी घेणाऱ्या बाईची तक्रार झाली होती, आणि ती करणाऱ्याचा रुमाल तिच्या उशीखाली होता. रांगेत माणसं उभी असताना तिनं खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' पाटी लावली. जेवणाची वेळ व्हायला पुष्कळ अवकाश होता.

दुकानात एक आजी खुर्चीत बसल्या होत्या, नाकावर ती जड गोल फ्रेम. तो त्यांच्यापुढे काच धरून उभा होता.

"मागून सांगण्यापेक्षा तोंडावर सांगायचं होतं," ती दारातूनच म्हणाली.

तो दचकला. "काय?"

"पेनल्टी दिली नाही, चुकले. मग माझ्याशी बोलायचं. तक्रार करायला काकांकडे कशाला गेलात?"

त्याच्या हातातली काच सुटली आणि गडगडत खुर्चीखाली गेली. "तक्रार? मी... तुमची?"

"मला आता काहीच दिसत नाही," आजी म्हणाल्या.

"आजी, एक मिनिट हं."

"दिसत नाही, पण ऐकू येतंय सगळं. होऊ द्या तुमचं."

तो काच शोधायला खाली वाकला नाही, नुसता उभा राहिला. "मी तक्रार नाही केली," तो म्हणाला. "मी... नातं आहे असं सांगितलं."

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

दुकानातल्या सगळ्या आरशांत तीच होती, आणि सगळ्यांची तोंडं उघडी.

"कसलं नातं?" शेवटी एकदाचं तिनं विचारलं.

"काकांनी पण तेच विचारलं. मी म्हटलं, ते अजून त्यांना विचारायचंय." तो भराभर बोलायला लागला, थांबला तर पुन्हा जमणार नाही तसा. "आधी तुम्हालाच विचारणार होतो, पण सेमीफायनलला... माझ्या टीमची दोन मुलं पूर्ण मॅच बेंचवर बसून राहिली. त्यांना खेळवायचं कबूल केलं होतं, बूट बांधून तयार होती. मी विसरलो. मी मॅच बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो. एकाची आई नंतर मला काही बोलली नाही, नुसती बघून गेली. मला फार लाज वाटली. म्हणून तसाच उठून काकांकडे गेलो."

"मग पेनल्टी?"

"पेनल्टी मला दिसलीच नाही. तुमचा चेहरा दिसला. त्यावरून कळलं, काहीतरी होतं म्हणून."

तिनं बाजूचं स्टूल ओढलं आणि बसली. रेफरी जे कधी, कुणालाही, कुठेही बोलत नाही, ते तिनं बोलून टाकलं. "होती. समोर होती. तुमची टीम नसती तर डोळे मिटून दिली असती. तुमच्यावर मेहेरबानी होईल, या भीतीनं मी तुमच्या मुलांवर अन्याय करत होते. किती दिवस."

बाहेर एक गाडी हॉर्न वाजवून गेली.

"पण मला विचारायला हवं होतंत," ती म्हणाली. "फायनल माझी होती. निरीक्षक येणार होते. किती वर्षं वाट बघत होते मी."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला माहीत नव्हतं... शपथ. मला कुणी..." त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला. "आत्ताच्या आत्ता काकांना सांगतो. चूक झाली म्हणून. नातं वगैरे काही नाही म्हणून."

त्यानं नंबर शोधला. त्याचा अंगठा त्यावर टेकणार, एवढ्यात तिनं फोनवर तळहात ठेवला.

ठेवल्यावर तीच चकित झाली. हात काढून घ्यायला हवा होता, फायनल त्या हाताच्या पलीकडे होती. हात काढला नाही.

"खोटं बोललात तर लाल कार्ड," ती म्हणाली.

मग तिनं स्वतःचा फोन काढला आणि काकांना लावला. "काका, सीझनच्या सुरुवातीला तुम्ही विचारलं होतं ना, आपलं माणूस कुणी आहे का म्हणून... आहे."

पलीकडून काकांनी काहीतरी विचारलं.

"चष्मेवाले."

पुन्हा काहीतरी विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. हनुवटीवरची खोक, वेगळ्या रंगाचं बटण. "कोण लागतात ते... ठरतंय अजून. पण आहे." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "मोठ्यांच्या मॅचसाठी पुढचा सीझन पूर्ण थांबावं लागेल? ...थांबते, काका."

तिनं फोन ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, आपल्या हातून हे झालंच कसं अशा चेहऱ्यानं.

"आता माझं बघा," आजी म्हणाल्या.

फायनलला ती पहिल्यांदाच टचलाइनच्या बाहेर उभी राहिली, पिवळ्या टीमच्या आई-बापांमध्ये. हात कुठे ठेवायचे तिला कळेना. गळ्याशी चाचपून पाहिलं, शिट्टी नव्हती. मैदानात गुडघ्याला पट्टा बांधलेले काका लंगडत धावत होते, आणि प्रत्येक वेळी शिट्टी वाजली की तिचा हात पुन्हा गळ्याशी जात होता. ही आपली मॅच होती. पण मग तिनं पाहिलं, बेंचवरची ती दोन मुलं आज सुरुवातीपासून मैदानात होती. त्यातल्या एकाची आई तिच्या शेजारीच उभी होती आणि सारखी पदराच्या टोकाशी खेळत होती.

तो पलीकडे उभा होता. एकदाही तिच्याकडे बघत नव्हता. मुद्दाम, मान ताठ करून, फक्त मॅच बघत होता. ते बघून तिला हसूही आलं आणि थोडा रागही.

निळे एका गोलनं पुढे होते. शेवटाकडे वेणीवाली बॉल घेऊन निघाली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, बॉक्समध्ये शिरली, आणि धाडकन पडली.

"काका, पेनल्टी! चष्मा लावा, चष्मा!"

कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनंही पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं. तोंड झाकून उपयोग नव्हता, आवाज मैदानभर पोचला होता.

काकांनी खेळ थांबवला. लंगडत लंगडत ते टचलाइनपर्यंत आले. तिच्यासमोर थांबले, वरून खालपर्यंत पाहिलं, आणि काही न बोलता पुढे गेले. सरळ चष्मेवाल्यापाशी. खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि उंच धरलं.

"कशाबद्दल?" चष्मेवाला थक्क.

"उद्धटपणाबद्दल," काका म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या घरच्या माणसाच्या. आवरा त्यांना."

बायका हसल्या, मुलांनी टाळ्या पिटल्या. ती कानापर्यंत लाल झाली. त्यानं आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि ते बघणं असं होतं, की काकांनी शिट्टी पुन्हा वाजवली ते दोघांनाही ऐकू आलं नाही. त्याची टीम एका गोलनं हरली.

मुलं गेली, आई-बाप गेले. काका पट्टा सोडून बाकावर गुडघा चोळत बसले. ती एका गोलपोस्टपाशी आणि तो दुसऱ्यापाशी, हुक सोडवत सोडवत दोघं मध्यावर येत होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरं सांगा. होती का पेनल्टी?"

तिनं डोळ्यांसमोर ते पुन्हा आणलं. वेणीवालीचा पाय, निळ्या मुलाचा पाय, बॉल. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ. आधी बॉलला लागला होता.

"नव्हती रे," ती म्हणाली.

त्याच्या हातातला हुक तसाच राहिला. इतके दिवस तो 'तुम्ही' होता. तिलाही ते बोलून झाल्यावर कळलं, पण खेळ केव्हाच पुन्हा सुरू झाला होता. तिनं जाळीचं आपलं टोक त्याच्या हातात दिलं, आणि सोडलं नाही.